‘कॉन्चेर्तो फुनेब्रे’: दोन उसन्या चालींमधला शोक

१५ मार्च १९३९ रोजी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. त्याच वर्षी म्युनिकमध्ये जर्मन संगीतकार कार्ल आमाडेउस हार्टमान (१९०५–१९६३) एकल व्हायोलिन आणि तंतुवाद्यांसाठी ‘शोकसंगीत’ लिहीत होते. तेच आजचे ‘कॉन्चेर्तो फुनेब्रे’. नाझी जर्मनीत आपले काही वाजू द्यायचे नाही, हा त्यांचा निश्चय होता. देश मात्र त्यांनी सोडला नाही. प्राग त्यांना परके नव्हते. डाखाऊच्या छळछावणीत मेलेल्यांना अर्पण केलेली त्यांची ‘मिझेरे’ ही वाद्यवृंदरचना १९३५ साली तिथेच वाजली होती, हेरमान शेर्खेन यांच्या संचालनाखाली.

म्हणूनच सुरुवातीला व्हायोलिन गाते ती पंधराव्या शतकातल्या हुसपंथी, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायी, चेक योद्ध्यांची प्रार्थना. १४३१ साली दोमाझलित्सेच्या लढाईत ती नुसती कानी पडताच शत्रूने पळ काढला, अशी आख्यायिका आहे. चेक संगीतकार स्मेतानानेही ‘माझा देश’मध्ये ती घेतली, त्यामुळे चेक श्रोत्याला ती ओळखायला दोन स्वर पुरेत. इथे मात्र तिच्यात रणघोष उरलेला नाही. एकटे व्हायोलिन ओळ म्हणते, बाकीची वाद्ये मध्येच तुटक उत्तर देतात, आणि दीडेक मिनिटात हा भाग संपतो.

शेवटच्या भागातली चाल रशियन क्रांतिकारकांच्या अंत्ययात्रेची. तिचे जर्मन शब्द शेर्खेन यांचेच. पुढे १९५७ मध्ये रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या अकराव्या सिंफनीतही ती आली. एक चाल चेकांची, दुसरी रशियन क्रांतीची. १९३९ च्या जर्मनीत असे काही वाजणे शक्यच नव्हते. पहिला प्रयोग स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेनला झाला, २९ फेब्रुवारी १९४० रोजी. हार्टमान यांनी १९५९ मध्ये रचना सुधारली, तेव्हा आजचे नाव मिळाले. त्या वर्षी ब्राउनश्वाइगला व्होल्फगांग श्नायडरहान यांनी ती वाजवली.

सुमारे वीस मिनिटांचे चार भाग सलग वाजतात. वादकाची खरी अडचण हीच. दुसऱ्या भागातल्या लांब, संथ अडाज्योनंतर तिसऱ्या भागात तेच ते स्वर गजाने द्रुत लयीत ठोकावे लागतात. तारा उतरतात आणि पुन्हा जुळवायला उसंत नसते. लगेच येते ती साधी, संथ शोकयात्रेची चाल. तिथे कंप जरा जास्त दिला की ती गोड होते आणि फसते. उतरलेली तार तर लपतच नाही, कारण आडोसा द्यायला ऑर्केस्ट्रात एकही सुषिरवाद्य नाही.