कळांसाठी दिलेली एपिड्युरल सिझेरियनला कशी पुरते?

कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून एपिड्युरल (पाठीच्या कण्याजवळ नळीतून औषध देऊन आणलेली बधीरता) घेतलेल्या स्त्रीचे ऐनवेळी सिझेरियन करावे लागले, तर पाठीत आधीच बसवलेल्या बारीक नळीतून अधिक तीव्र औषध देऊन शस्त्रक्रियेपुरती बधीरता आणता येते. त्यामुळे पुन्हा सुई टोचावी लागत नाही आणि बहुतेक वेळा पूर्ण भूलही टळते. गरोदरपणात श्वासनलिकेत नळी घालणे अवघड होते आणि जठरातील अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो, म्हणून पूर्ण भूल टळणे मोलाचे ठरते.

कळांच्या वेळी दिले जाणारे औषध मुद्दाम सौम्य ठेवलेले असते. ब्युपिव्हाकेन हे बधीर करणारे औषध साधारण ०.१ टक्का किंवा त्याहून कमी आणि सोबत थोडे फेंटानिल हे वेदनाशामक, एवढ्याने वेदना बोथट होतात, पण पाय हलवता येतात आणि जोरही करता येतो. त्या वेळी बेंबीच्या पातळीपर्यंतची बधीरता पुरते. सिझेरियनचा छेद बेंबीच्या बराच खाली असतो. तरीही बधीरता छातीवर स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत चढवावी लागते, कारण पोटाच्या आतील आवरणाला आणि अवयवांना ताण बसला की त्याची जाणीव पाठीच्या कण्यातील वरच्या नसांवाटे मेंदूकडे जाते.

यासाठी बऱ्याच ठिकाणी लिग्नोकेन या बधीर करणाऱ्या औषधाचे २ टक्क्यांचे १५ ते २० मिलिलिटर द्रावण ॲड्रेनलिन घालून टप्प्याटप्प्याने देतात. ॲड्रेनलिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि औषध रक्तात सावकाश शोषले जाते. घाई असेल तर त्यात सोडियम बायकार्बोनेट मिसळतात. लिग्नोकेनचे तयार द्रावण आम्लधर्मी असते आणि त्यातील बहुतेक रेणू विद्युतभारित असतात. असे रेणू नसेचे स्निग्ध आवरण सहज ओलांडू शकत नाहीत. आम्लता घटली की भाररहित रेणूंचे प्रमाण वाढते आणि काही मिनिटे वाचतात. बाळाचे ठोके मंदावलेले असताना ही मिनिटे थोडी नव्हेत, कारण अत्यंत तातडीच्या प्रसंगी निर्णयापासून जन्मापर्यंत ३० मिनिटांची मर्यादा अनेक ठिकाणी पाळली जाते. ३ टक्के क्लोरोप्रोकेन हे दुसरे बधीर करणारे औषध याहूनही झटपट काम करते, मात्र त्याचा प्रभाव लवकर ओसरतो. तीव्र ब्युपिव्हाकेनचा इतिहास मात्र सावध करणारा आहे: ते चुकून रक्तवाहिनीत गेल्यामुळे हृदय बंद पडण्याच्या घटना घडल्या आणि १९८४ मध्ये अमेरिकेत ०.७५ टक्के ब्युपिव्हाकेनचा प्रसूतीतील वापर थांबवण्यात आला.

नळी जागची सरकून रक्तवाहिनीत किंवा मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात शिरलेली असू शकते. पहिल्या स्थितीत औषधाची विषबाधा होते, दुसऱ्या स्थितीत बधीरता थेट श्वसनाच्या स्नायूंपर्यंत चढू शकते. म्हणूनच औषध प्रसूतिकक्षात सुरू करावे की शस्त्रक्रियागृहात नेल्यावर, याबद्दल भूलतज्ज्ञांत मतभेद आहेत. आधी सुरू केले तर वेळ वाचतो. पण स्त्रीला हलवताना रक्तदाब घसरला तर त्याकडे लक्ष देणारा जाणकार आणि उपचारांचे साहित्य सोबत हवेच. माझ्या मते, ही सोय नसेल तर थांबलेले बरे.

बधीरता कुठवर पोहोचली, हे दोन्ही बाजूंना थंड किंवा हलका स्पर्श करून तपासतात. ओढल्याची व दाबल्याची जाणीव राहिली तरी चालते, वेदना मात्र राहता कामा नये. ती असेल तर कंबरेतून नव्याने सुई टोचून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात भूल (स्पायनल) द्यावी लागते, आणि आधी दिलेल्या औषधामुळे तिची मात्रा ठरवणे नाजूक होते. वेळच उरला नसेल तर पूर्ण भूल. हे अपयश बरेचदा आधीच दिसलेले असते: कळा चालू असताना ज्या नळीतून पुन्हापुन्हा जादा डोस द्यावे लागले, ती सिझेरियनच्या वेळी दगा देण्याची शक्यता अधिक असते. म्हणून एका बाजूलाच लागू पडणारी नळी कळांच्या काळातच, हाताशी वेळ असताना, बदलून घेणे शहाणपणाचे, आणि ‘थोडे दुखणारच’ असे म्हणून स्त्रीची तक्रार बाजूला सारणे धोक्याचे.

नळीने नीट काम केले असेल, तर बाळ बाहेर आल्यावर काढण्यापूर्वी तिच्यातून थोडे मॉर्फिन देता येते. त्याने सुमारे दिवसभर टाक्यांची वेदना कमी राहते. त्या काळात आईच्या श्वसनावर मात्र लक्ष ठेवावे लागते.