‘स्वकाळजी’ नक्की कोणाची? हार्ट फेल्युअर आणि घरची माणसं

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडणं; त्यात अंगात पाणी साचतं. अशा रुग्णाने पडून राहावं, एवढाच सल्ला असण्याचा काळ फार जुना नाही. नर्सच्या हाती काय आहे हे ठळकपणे दिसलं ते 1995 साली, अमेरिकेतल्या 70 वर्षांवरच्या 282 रुग्णांच्या अभ्यासात. नर्सने आहार-औषधं समजावली, घरी भेटी दिल्या, फोन केले. 90 दिवसांत या गटात 53 वेळा पुन्हा भरती करावं लागलं. नेहमीचे उपचार चाललेल्या गटात 94 वेळा.

पुढे रुग्णाने रोज स्वतःची घ्यायची काळजी, म्हणजे ‘सेल्फ केअर’, हा शब्द रुळला आणि गुंता झाला. ती मोजणारी, 2004 साली सुधारलेली प्रश्नावली रुग्णालाच विचारते: वजन करता का, पायांची सूज पाहता का, अळणी खाता का? आपण मराठीत ‘स्वकाळजी’ म्हणून मोकळे झालो. पण इंदूरच्या रामबागेतलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. सकाळी चहाआधी आजोबांना वजनकाट्यावर उभं करते ती सून. कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहिते तीच. तीन दिवसांत दोन किलो वाढले, म्हणजे पाणी साचलं असणार, की डॉक्टरांना फोन तिचाच. पोह्यांवर शेव आणि जिरावन (खारट मसाला) हवंच, हा हट्टही तिलाच सोसावा लागतो. प्रश्नावलीत ‘नेहमी’वर खूण मात्र आजोबांची. घरच्यांचा वाटा मोजणारी प्रश्नावली यायला 2013 उजाडलं. हा उशीर मला खटकतो. जे मोजलंच नाही, ते शिकवायचंही राहिलं. डिस्चार्जच्या वेळी पथ्याचा कागद रुग्णाच्या हातात आणि स्वयंपाक करणारी औषधांच्या रांगेत, हे आजही दिसतं.

नर्सऐवजी फोनवर यंत्रानेच वजन आणि लक्षणं विचारायची, हाही प्रयोग झाला. 2010 साली 1,653 रुग्णांत त्याचा फायदा दिसला नाही.

मिठाचं गणितही बदललं. 2022 च्या 806 रुग्णांच्या अभ्यासात रोजचं सोडियम 1,500 मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे मीठ पावणेचार ग्रॅमच्या आत ठेवायला सांगून मृत्यू किंवा दवाखान्याच्या खेपा कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. मात्र तुलनेतला गटही बेताचंच मीठ खात होता, त्यामुळे नमकीनचा डबा उघडायला हा आधार पुरत नाही.

आता रुग्ण आणि सांभाळणारी व्यक्ती यांना जोडीने अभ्यासतात, प्रश्न दोघांना वेगवेगळे विचारतात. आडवं झाल्यावर दम लागतो, म्हणून रात्री उशा किती लागतात? आजोबा म्हणतील एक. सून सांगेल, तीन.