शिळाछापाच्या दगडातलं पीस

पक्ष्यांच्या उत्क्रांतीवर फोटोचं काम करायचं, तर कॅमेरा बाजूला ठेवून थेट पिसांचे निळे छाप (सायनोटाइप: रसायन लावलेल्या कागदावर वस्तू ठेवून उन्हात घेतलेला छाप) घेणं जास्त योग्य. कारण या विषयाचा पहिला पुरावाच एक छाप आहे. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणींतून शिळाछापासाठी, म्हणजे दगडावरून छपाई करायला, चुनखडीच्या फरशा काढत. दाणा इतका बारीक की रेघ फुटत नाही. तिथल्या एका फरशीत एकच पीस उमटलेलं मिळालं. जीवाश्मतज्ज्ञ हेर्मान फॉन मायर यांनी १८६१ मध्ये त्याची नोंद करून नाव दिलं आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका. लगेच सांगाडाही मिळाला: जबड्यात दात, हाडांची लांब शेपटी आणि अंगावर पिसं. वय सुमारे १५ कोटी वर्षं.

आपल्या बेळगाव भागात असलं काही सापडायची आशा नको. गोकाकच्या धबधब्याखालचा खडक हाडांचे प्राणी जन्मायच्या आधीचा, तर निपाणी-चिकोडीकडचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पक्षी घडले ते नेमके मधल्या काळात.

निळ्या छापाची रीत त्या पिसाच्या शोधाहून थोडी जुनी. शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ती १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशेवाळाचे छाप काढायला घेतले. आता पुन्हा पिसांकडे. १९९६ मध्ये चीनमध्ये मऊ तंतूंनी झाकलेला छोटा डायनासोर, सायनोसॉरॉप्टेरिक्स, जगासमोर आला. तो उडणारा नव्हता. म्हणजे पिसासारखं आवरण उडण्याआधीचं. १९९९ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ रिचर्ड प्रम यांनी पीस घडण्याचे पाच टप्पे मांडले: पोकळ तंतू, तंतूंचा झुपका, मधे दांडा, बारीक हुकांनी जुळलेली पाती, आणि शेवटी एका बाजूला अरुंद, दुसऱ्या बाजूला रुंद पाती.

टप्प्याला एक अशा पाच छापांच्या चौकटी करायच्या. त्यांना लागणारा बहुतेक माल चिकन सेंटरमध्ये मिळतो. कोंबडी सोलल्यावर कातडीवर उरणारे केस, जे आपण जाळावर धरून काढतो, ते पहिल्या चौकटीला. काटेकोर पाहता हे केस मागाहून साधे झालेलं पीस आहे, मूळ तंतू नव्हे. तसं चौकटीखाली लिहावं. पिल्लाची लव दुसरीला, अंगावरच्या पिसाचा बुडाकडचा भुरभुरीत भाग तिसरीला, त्याचाच वरचा घट्ट भाग चौथीला, पंखाच्या टोकाचं लांब पीस पाचवीला. रानातली पिसं नकोत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याची भानगड मागे लागते.

कागदाला लावायचं रसायन असं: फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम वेगळ्या १०० मिलीत. वापरतेवेळी समप्रमाणात मिसळा, मंद पिवळ्या दिव्यात कागदाला लावा, अंधारात पूर्ण वाळवा. खानापूरकडच्या पावसाळ्यात कागद वाळल्यासारखा वाटतो पण ओल धरून असतो. मग डाग पडतात. हे काम दिवाळीनंतरच काढावं.

खरी अडचण पिसाच्या दांड्याची. तो गोल, त्यामुळे पाती कागदापासून उचलली जाते, खालून उजेड शिरतो आणि कड धूसर होते. दांडा मागच्या बाजूने ब्लेडने उभा तासून घ्या, वर जाड काच ठेवून चिमटे लावा. भर दुपारच्या उन्हात पाचव्या चौकटीला दहाएक मिनिटं पुरतात. उघडा भाग पिवळट हिरव्याचा राखाडी झाला की उचला. लवेला निम्माच वेळ द्या, नाहीतर तंतूंतून उजेड पार जाऊन सगळं निळं होतं.

धुण्याचं पाणी फार महत्त्वाचं. हा निळा रंग अल्कलीत, म्हणजे आम्लाच्या उलट गुणात, टिकत नाही, म्हणून बोअरच्या जड पाण्यात तो फिका पडतो. पहिल्या पाण्यात लिंबाचे थेंब टाका, पिवळेपणा जाईपर्यंत धुवा. कागदातही खडूची भर नसावी; असली तर आज गडद दिसणारा छाप पुढे कागदातल्या अल्कलीनेच उतरत जातो.