अपक्ष की तिसरा पक्ष? अमेरिकी मतपत्रिकेवरचा घोळ

कॅलिफोर्नियात मतदार नोंदणीच्या अर्जावर पक्षांच्या यादीत 'अमेरिकन इंडिपेंडंट' असं एक नाव असतं. कुठल्याच पक्षाचा शिक्का नको असलेले कित्येक जण 'इंडिपेंडंट' हा शब्द बघून तिथेच खूण करतात आणि नकळत एका पक्षात जाऊन बसतात. तोही कुठल्या, तर जॉर्ज वॉलेस या वर्णभेदाच्या पुरस्कर्त्याच्या १९६८ च्या उमेदवारीतून उभ्या राहिलेल्या! आपली मराठी मंडळी तिकडे भरपूर आहेत, म्हणून कळकळीने सांगतो: पक्ष नको असेल तर पक्ष नसल्याची वेगळी चौकट असते, ती निवडा. त्या चौकटीतल्या मतदाराला अध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीची, मतपत्रिका मागता आली आहे. 'अमेरिकन इंडिपेंडंट'वाल्याला नाही.

उमेदवारांच्या बाबतीतही हाच घोळ होतो. दोन मोठ्या पक्षांबाहेरचा जो कोणी उभा राहील त्याला आपण सरसकट 'तिसरा पक्ष' म्हणतो. पण अपक्षाची वाट वेगळी असते, आणि ती दर राज्यात बदलते. टेनेसीत अध्यक्षपदाच्या अपक्ष उमेदवाराला मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी मतदारांच्या २७५ सह्या पुरतात, नव्या पक्षाला मात्र हजारोंनी गोळा कराव्या लागतात. टेक्सासमध्ये उलटं: २०२४ साली अपक्षाला १,१३,१५१ सह्या हव्या होत्या, पक्षाला त्याहून बऱ्याच कमी.

अब्जाधीश उद्योगपती रॉस पेरो यांनी अध्यक्षपदासाठी दोन्ही करून पाहिलं. १९९२ मध्ये अपक्ष म्हणून त्यांना जवळपास १९ टक्के मतं मिळाली. पाच टक्क्यांच्या वर मतं घेणाऱ्याला पुढच्या खेपेला सरकारी निधी मिळतो, म्हणून १९९६ मध्ये त्यांच्या हाती सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर आले. तो हक्क त्यांनी स्वतः कमावलेला होता. त्या वर्षी ते रिफॉर्म पार्टीतर्फे लढले आणि साडेआठ टक्क्यांच्या आसपास थांबले. पण आता मागे पक्ष होता, त्यामुळे २००० सालचे सुमारे १ कोटी २६ लाख डॉलर गेले पक्षाच्या नव्या उमेदवाराला, पॅट ब्युकॅनन यांना. त्यांना अर्धा टक्काही मतं पडली नाहीत. अपक्षाची पुण्याई त्याच्यासोबतच जाते. पक्षाचं घर मात्र मागे उरतं, आणि त्यात उद्या कोण राहायला येईल याचा नेम नसतो. तरीही मला पक्षच बरा वाटतो, कारण पुढच्या वेळी निदान पाया तरी असतो.

जिंकण्याचं गणित मात्र दोघांनाही सारखंच नडतं. दोन राज्यं सोडली तर सगळीकडे पहिल्या क्रमांकाला राज्याचे सगळे इलेक्टर, म्हणजे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, मिळतात. पेरोंची मतं देशभर पसरलेली होती, म्हणून १९९२ मध्ये हाती शून्य. वॉलेस यांची साडेतेरा टक्केच, पण दक्षिणेत एकवटलेली: पाच राज्यं, ४६ इलेक्टर. त्यानंतर एकही राज्य कुठल्याच तिसऱ्याला मिळालेलं नाही.

आणि २०२४ मध्ये 'अपक्ष' म्हणून उतरलेले रॉबर्ट केनेडी ज्युनियर? ऑगस्टमध्ये त्यांनी प्रचार थांबवला, तरी कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव छापून आलंच, 'अमेरिकन इंडिपेंडंट' पक्षाचे उमेदवार म्हणून.