‘राजा कोण हा?’ : बघायचं की सोडायचं, याची पार्श्वभूमी

सिंधुदुर्गात दशावतार, म्हणजे रात्रभर चालणारं लोकनाट्य, बघायला जायचं ठरवताना आख्यान कुठलं हा प्रश्न नंतर येतो. आधी विचारतात, “राजा कोण हा?” म्हणजे राजाचं काम आज कोण करतोय. कथा सगळ्यांना पाठ असते, संहिता लिहिलेली नसते, संवाद उभ्या उभ्या जुळवायचे. त्यामुळे राजा कोण, राक्षस कोण, स्त्रीपार्ट कोणाचा आणि पेटीवर कोण बसलाय, यावर रात्र जागायची की नाही ते ठरतं. जत्रेतला दहीकाला, म्हणजे तिथला दशावताराचा प्रयोग, फुकटच. खर्च व्हायची ती झोप. प्रयोग पडला तर “झोपेचा खोबरा झाला” एवढाच निकाल, तोही पहाटे हंडी फुटून कंपनीने पेटारे उचलल्यावर. त्या मताचा उपयोग झालाच तर पुढच्या गावाला.

 

इकडचा खरा घोळ ‘ट्रिकसीन’ या शब्दापाशी आहे. पोस्टरवर ‘ट्रिकसीनयुक्त’ छापलं की पोरंबाळं पुढच्या रांगेत आणि जुनी माणसं घरात. धूर, लाल उजेड, फणा हलवणारा नाग, धडावेगळं झालेलं मुंडकं, हे सगळं त्यात येतं. बाजूने बोलणारे म्हणतात, टीव्ही आणि सिनेमा बघून वाढलेल्या पोरांना तासभर शब्दांची जुगलबंदी कशी पुरणार? विरोधकांचं म्हणणं, यंत्र आलं की नटाची जीभ आळसावते. मी विरोधकांतला, हे लपवत नाही. एका प्रयोगात नागाचा फणा पडद्याच्या दोरीत अडकला. मागे माणूस गाठ सोडवतोय आणि पुढे राजा त्याच नागाला हात जोडून भक्ती, अहंकार, नियती असं काय काय ऐकवतोय. दहा मिनिटं तरी गेली असतील. सकाळी चहाच्या टपरीवर नागाचं नाव कोणी काढलं नाही, सगळे त्या स्वगताबद्दल बोलत होते.

‘संयुक्त दशावतार’ हा त्याचाच भाऊ. निरनिराळ्या कंपन्यांतले गाजलेले नट एका रात्रीपुरते एकत्र येतात. पात्रांची यादी बघून माणूस हुरळतो, पण रोज एकत्र काम करणाऱ्यांची जुळणी यादीतून येत नाही.

दशावतारात देव आणि राजे जड मराठीत बोलतात. मालवणीत बोलून हसवतो तो संकासूर, दशावतारातला विनोदी राक्षस. १९८० मध्ये आलेल्या ‘वस्त्रहरण’ या मालवणी नाटकाने पाच हजारांवर प्रयोग केले आणि मालवणी म्हणजे विनोद हे समीकरण मुंबईपर्यंत पक्कं झालं. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या आकेरी गावच्या वाड्यात चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आली, तेव्हा वादाचं तोंड फिरलं: आता मालवणी म्हणजे भुतंखेतं का? कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा वाढते म्हणून तक्रारी झाल्या. तक्रार करणाऱ्यांनाही कालच्या भागात काय झालं ते बरोबर ठाऊक असायचं. पुढे तो वाडा बघायला पर्यटक यायला लागले.

आता अख्खा दशावतार मोबाईलवर दिसतो. परळ-लालबागला बसलेला चाकरमानी रात्री तिथून बघतो आणि सकाळी गावाला फोन करून राजा कसा उभा राहिला ते सांगतो. गाववाला मात्र जत्रेत झोपलेला असतो.

२०२५ मध्ये दशावतारी कलाकारावरचा ‘दशावतार’ हा सिनेमा आला तो १२ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी उलटून सहा दिवसांनी. चाकरमानी मुंबईला परतले होते, त्यामुळे मतं फोनवरूनच आली. आमच्या वाडीत रंग लावून आयुष्य काढलेल्या एका म्हाताऱ्याला नातवाने सिनेमा भारी आहे, बघाच, असं कळवलं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “चेहरो बरोबर रंगवलो मा?”