हाड काढलेली जागा दुखते की शेजारचा सांधा?

मणक्याचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं, पायातली कळ गेली, पण कमरेखाली एका बाजूला ठसठस राहिलीच, की घरात सगळे एकच सांगतात: 'तिथनंच हाड काढलेलं ना!' मणके जोडताना मधे भरायला हाड लागतं आणि ते बऱ्याचदा रुग्णाच्याच कमरेच्या हाडाच्या कडेवरून घेतात. कमरेच्या ऑपरेशनात मागून, मानेच्या ऑपरेशनात पुढून. म्हणून संशय तिथेच जातो. पण मागच्या त्या जागेला अगदी लागून सेक्रोइलियाक सांधा आहे, म्हणजे कण्याचं खालचं टोक आणि कमरेचं हाड जिथे जुळतं तो सांधा, ज्याला डॉक्टर एसआय जॉइंट म्हणतात. खालचे मणके जोडून ताठ झाले की त्यांच्या वाट्याची हालचाल आणि ताण या सांध्यावर येऊ शकतो.

हाड काढल्याचं दुखणं बहुतेकांचं काही महिन्यांत ओसरतं. जे मागे राहतं, त्यात बऱ्याचदा नस दुखावलेली असते. कमरेच्या कडेवरून, पाठीच्या मध्यरेषेपासून साधारण ७-८ सेंटीमीटरवर, नितंबाच्या कातडीला संवेदना देणाऱ्या बारीक नसा उतरतात. त्या दुखावल्या तर जळजळ होते, कातडीचा एखादा पट्टा बधिर राहतो, व्रणावर टिचकी मारली की झिणझिणी उठते. पुढून हाड काढलं असेल तर मांडीची बाहेरची बाजू बधिर होऊ शकते, पायाची ताकद मात्र शाबूत असते. फोंड्याची माझी मावशी परकराची नाडी व्रणाच्या वरच बांधते. नाडी घासली तरी तिला चटका बसतो. हे नसेचं दुखणं.

सांध्याचं दुखणं हालचालीवर उठतं. खुर्चीतून उठताना, अंथरुणात कूस बदलताना, कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसची उंच पायरी एका पायावर भार देऊन चढताना. कमरेखाली जो खळगा दिसतो, त्याच्या किंचित खाली रुग्ण बोट ठेवतो. कळ नितंबात, कधी मांडीच्या मागे उतरते. व्रणावर टिचकी मारा, झिणझिणी येत नाही.

नुसत्या दाबून पाहण्यावर मात्र विसंबू नये. २०११ सालच्या एका अभ्यासात तपासणाऱ्याला कोणाचं हाड काढलंय ते सांगितलं नव्हतं. ज्यांचं काढलं आणि ज्यांचं नाही, त्या दोघांच्याही त्या भागातल्या दुखऱ्यापणात विशेष फरक आढळला नाही. माझ्या मते व्रणावर फार लवकर आळ घेतला जातो, आणि मग सांध्याकडे वर्षानुवर्षं कोणी बघतच नाही. उलटही तितकंच वाईट: स्कॅन स्वच्छ आला म्हणून नसेच्या दुखण्याला 'मनाचं' ठरवणं.

उलगडा बऱ्याचदा इंजेक्शनने होतो. व्रणाजवळच्या नसेपाशी भूल दिल्यावर काही तास आराम पडला तर नस. एक्स-रेखाली सांध्यात दिल्यावर पडला तर सांधा. उपचारही वेगळे: नसेला नसदुखीच्या गोळ्या किंवा ब्लॉक (नसेपाशी दिलेलं इंजेक्शन), सांध्याला फिजिओथेरपी, पट्टा, इंजेक्शन. जोडलेले मणके नीट सांधलेत का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावं.

बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जा की मडगावच्या खासगी दवाखान्यात, डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशन नोटची प्रत न्या. हाड मुळात काढलं का, कोणत्या बाजूने आणि पुढून की मागून, हे त्यात असतं. ताप, व्रणातून पाणी, तिथे नवा फुगवटा किंवा पायातली ताकद कमी होणं, यांपैकी काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.