फुलांची मनीऑर्डर

१० मे १९०८, रविवार. वेस्ट व्हर्जिनियातलं ग्राफ्टन, डोंगरातलं रेल्वेचं गाव, आजही वस्ती पाच हजारांच्या आतच. त्या सकाळी तिथल्या अँड्र्यूज मेथडिस्ट चर्चमधे आयांसाठी खास प्रार्थना होती आणि आलेल्या लोकांना वाटायला ५०० पांढरी कार्नेशन होती. ती पाठवली होती अ‍ॅना जार्विस यांनी. त्यांच्या आईला कार्नेशन फार आवडायची, आई तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातच गेली होती आणि याच चर्चमधे तिने कितीतरी वर्षं रविवारी मुलांना शिकवलं होतं. आता गंमत बघा, अ‍ॅनाबाई स्वतः त्या दिवशी ग्राफ्टनमधे नव्हत्याच! त्या होत्या फिलाडेल्फियात, तिथे त्यांचा दुसरा कार्यक्रम होता. गावाला पोचली ती त्यांची तार आणि त्यांची फुलं.

मदर्स डेची सुरुवात म्हणून हा किस्सा सगळीकडे सांगतात, पण मला तो वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या छोट्या गावात फुलं पाठवायचा जो प्रकार पुढे शंभर वर्षं चालला त्याचा सगळा नकाशा यात आहे, म्हणजे मुलगी शहरात, आई (किंवा आईची आठवण) गावात, मधे शेकडो मैल, आणि स्वतः जाता येत नाही म्हणून फुलं.

त्याआधी असं नव्हतं. ग्राफ्टनचंच उदाहरण घ्या. गृहयुद्धात मेलेल्या सैनिकांचं राष्ट्रीय कब्रस्तान या गावात आहे आणि मे अखेरीला गावातली शाळकरी पोरं मिरवणुकीने जाऊन तिथे थडग्यांवर फुलं टाकतात, युद्ध संपल्यावर दोनतीन वर्षांतच ही पद्धत पडली ती अजून चालू आहे. १८६८ पासून देशभर ३० मे हा थडगी सजवायचा दिवस झाला, त्यालाच आता मेमोरियल डे म्हणतात. यात दुकानाचा संबंध असलाच तर थोडा, बहुतेक फुलं परसातली, पिओनी, आयरिस, लायलॅक, त्या सुमाराला जे फुललं असेल ते. फुलं हातात घेऊन चालत जायचं. ज्याच्यासाठी फुलं तो चालत जाण्याइतका जवळ असायचा हे गृहीतच होतं. मग रेल्वेत बसून पोरं शिकागो, क्लीव्हलंड, फिलाडेल्फियाला गेली आणि ते गृहीत मोडलं.

फुलं रेल्वेने थोडी लांब जायची पण फार लांब नाही, सुकतात हो. शहरातल्या फुलवाल्यांनी मग ओळखीवर काम चालवलं, म्हणजे अमुक गावातल्या फुलवाल्याला पत्र नाहीतर तार करायची की बाबा आमच्या गिऱ्हाइकातर्फे तिकडे एवढ्या डॉलरची फुलं दे, पैसे मागाहून देतो. मागाहून म्हणजे कधी, हाच प्रश्न. समोरचा माणूस कोण, बिल देईल का, कमिशन किती कापणार, कशालाच धरबंध नाही.

१९१० च्या ऑगस्टमधे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात फुलवाल्यांचं अधिवेशन भरलं होतं, तिथे मूठभर दुकानदारांनी ठरवलं की हे नीट बांधून घेऊ. त्यातून झाली फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी, म्हणजे एफटीडी. सभासद दुकानांची यादी, ठरलेलं कमिशन, आणि हिशेब मधल्या कचेरीतून चुकता. १९१४ पासून त्यांच्या पाट्यांवर तो पायाला पंख असलेला, हातात फुलं घेऊन पळणारा रोमन देव मर्क्युरी दिसायला लागला. एफटीडीच्या आधी दोन वर्षं, १९०८ मधे, बर्लिनमधे अशीच एक संघटना निघाली होती, तिची पुढे फ्लेरॉप झाली. १९४६ मधे अमेरिकन, ब्रिटिश आणि युरोपियन मंडळी एकत्र येऊन इंटरफ्लोरा झाली. १९६५ मधे एफटीडीने नावातला टेलिग्राफ काढून तिथे ट्रान्सवर्ल्ड टाकलं.

(तारेबद्दल एक आठवलं. आपल्याकडे दारात तार आली की उघडायच्या आधीच बायका पदर तोंडाला लावायच्या, आणि तिकडे त्याच तारेतून गुलाब निघत होते!)

पण खरी युक्ती तारेत नाहीच. युक्ती ही की फुलं कुठेच जात नाहीत. मुंबईत गिरणीत काम करणारा माणूस रत्नागिरीकडच्या गावाला मनीऑर्डर करायचा तेव्हा त्याने काउंटरवर दिलेलीच नोट थोडीच कोकणात जायची? जायचा तो निरोप, नोटा पोस्टमन तिकडच्या पोस्टातल्याच मोजून द्यायचा आणि खाली चार ओळींचा मजकूर असायचा. हे अगदी तसंच आहे. डेन्व्हरमधे ऑर्डर दिली की आयोवातल्या एखाद्या गावातला फुलवाला स्वतःच्या शीतकपाटातली फुलं काढून बुके बांधणार, डेन्व्हरवाल्याने सांगितलेल्या दोन ओळी छोट्या कार्डावर लिहिणार आणि स्वतःच्या गाडीतून नेऊन देणार. पुढे जी वाटणी रूढ झाली ती साधारण अशी, शंभर डॉलरच्या ऑर्डरमधे घेणाऱ्या दुकानाला २०, मधल्या संस्थेला ७, आणि फुलं, मजुरी, गाडी सगळं ज्याच्या गळ्यात त्याला ७३.

फक्त नोट ही नोट असते, फूल तसं नसतं. शिकागोच्या दुकानातलं आणि नेब्रास्कातल्या खेड्यातल्या दुकानातलं सारखं कसं असणार? म्हणून काउंटरवर एक जाडजूड फोटोंचं पुस्तक आलं, गिऱ्हाइकाने त्यात बोट ठेवायचं, आणि प्रत्येक फोटोची पाककृती ठरलेली, इतकी कार्नेशन, इतकी डेझी, इतकी हिरवी पानं, अमुक भांडं. छोट्या दुकानाला ती भांडी विकत घेऊन ठेवावी लागायची. गावातल्या बाईची स्वतःची बुके बांधायची तऱ्हा असायची, ती जरा मागेच पडली यात.

मदर्स डेचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. १९१४ मधे अध्यक्ष विल्सन यांनी मेचा दुसरा रविवार राष्ट्रीय पातळीवर जाहीर केला. फुलवाल्यांनी सुरुवातीला अ‍ॅनाबाईंना भरपूर साथ दिली, पण पांढऱ्या कार्नेशनची मागणी त्या आठवड्यात इतकी वाढायची की भाव चढायचे, म्हणून फुलवाल्यांनी टूम काढली की आई गेली असेल तर पांढरं, हयात असेल तर लाल किंवा रंगीत. धंदेवाईक डोकं, दुसरं काय! त्यातच पहिल्या महायुद्धाच्या काळात 'जे सांगायचं ते फुलांतून सांगा' अशा अर्थाची घोषणा बॉस्टनच्या एका जाहिरातवाल्याने काढली आणि ती देशभर झाली. अ‍ॅनाबाईंना हे सगळं बघून संताप यायला लागला. १९२५ मधे फिलाडेल्फियात सैनिकांच्या आयांची एक संघटना कार्नेशन विकून निधी गोळा करत होती, तिथे जाऊन त्यांनी गोंधळ घातला म्हणून त्यांना अटकही झाली. १९४८ मधे त्या गेल्या त्या पेनसिल्व्हेनियातल्या एका सॅनिटेरियममधे. स्वतःच पाठवलेल्या ५०० फुलांशी त्या बाई उरलेलं आयुष्य भांडत राहिल्या असं म्हटलं तरी चालेल, आणि मला वाटतं त्यांचं अगदीच चूक नव्हतं.

छोट्या गावातलं फुलांचं दुकान मात्र मदर्स डे आणि व्हॅलेंटाइनवर जगत नव्हतं. ते जगायचं मयतावर. ऐकायला कसंतरी वाटतं पण तसंच आहे. गावात कोणी गेलं की फ्युनरल होममधे दर्शनाला ठेवतात, शवपेटीवर घरच्यांची मोठी फुलांची रास, बाजूला तिकाट्यांवर उभ्या रचना, टोपल्या, कुंड्या, आणि प्रत्येकाला कार्ड. कार्डाच्या मागे बऱ्याचदा पेनने लिहिलेलं असतं, गुलाबी ग्लॅडिओलस, टोपली. कारण पुढे घरच्यांना प्रत्येकाला आभाराची चिठ्ठी पाठवायची असते आणि तेव्हा कोणाचं काय आलं ते कसं आठवणार. आपल्याकडे लग्नात आहेराची यादी करायला एक काका वही घेऊन बसतात ना, तेच काम ते कार्ड करतं. मृत्यूच्या बातमीत 'फुलांऐवजी अमुक संस्थेला देणगी द्यावी' अशी ओळ यायला लागली तेव्हा फुलवाल्यांच्या संघटना तिच्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढल्या, ते उगाच नाही.

आता फुलं कुठून येतात. आधी प्रत्येक भागात काचेची ग्रीनहाउस होती, इंडियानातलं रिचमंड गुलाबांसाठी, कोलोरॅडो कार्नेशनसाठी, डेन्व्हरजवळच्या व्हीट रिजमधे तर अजून कार्नेशन फेस्टिव्हल होतो. आणि नशिबाचा खेळ बघा, याच कोलोरॅडोच्या विद्यापीठात शिकणाऱ्या डेव्हिड चीव्हर नावाच्या विद्यार्थ्याने १९६७ मधे अभ्यास मांडला की कोलंबियात बोगोटाच्या पठारावर फुलं पिकवली तर फार परवडेल, आठ हजार फुटांवरची उंची, वर्षभर एकसारखी थंड हवा, विषुववृत्ताजवळ म्हणून दिवस कायम बारा तासांचा, मजुरी स्वस्त आणि मायामी विमानाने तीनेक तासांवर. १९६९ मधे त्याने आणि भागीदारांनी तिथे कंपनीच काढली. १९९१ च्या कायद्याने जकात उठली आणि अमेरिकेतली काचघरं एकामागून एक बंद पडली. आता परदेशातून येणारी सुमारे ९०% फुलं मायामीच्या विमानतळावर उतरतात. म्हणजे शेवटी फुलं प्रवास करायला लागलीच, फक्त पाठवणाऱ्याच्या गावाहून नाही.

ऑर्डर घेण्याची जागाही हलली. १९७९ मधे एफटीडीने दुकानं कॉम्प्युटरने जोडली, ८० च्या दशकात फुकट लागणारे आठशेचे नंबर आले, १-८००-फ्लॉवर्सवाले जिम मॅक्कॅन त्यात सगळ्यात गाजले, मग ९० च्या दशकात इंटरनेट. १९९४ मधे एफटीडी सभासदांच्या हातून गुंतवणूकदारांकडे गेली आणि २०१९ मधे तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. खरं दुखणं वेगळंच झालं. कुठलंही दुकान नसलेले, फक्त फोनवर बसलेले लोक गावाच्या नावाने फोनबुकात नंबर लावायला लागले, मग तशाच वेबसाइट. गिऱ्हाइकाला वाटणार गावातलंच दुकान, फोन लागतो भलत्याच राज्यात. आपला वाटा आणि वर सर्व्हिस चार्ज कापून उरलेली ऑर्डर खऱ्या दुकानाकडे. काही राज्यांनी याच्याविरुद्ध कायदे केलेत.

हे मला कळलं ते फसल्यावर. माझी मामेबहीण ओहायोत एका छोट्या गावात राहते, तिच्या घरमालकीणबाईंचे यजमान गेले, त्या बाईंनी बाळंतपणात हिचं आईसारखं केलेलं. मी इथून पुण्याहून रात्री बसून गावाचं नाव असलेल्या वेबसाइटवर फुलं मागवली, फोटोत लिली होत्या, गेली चार कार्नेशन आणि भरपूर पाला, तेही दर्शन संपत आल्यावर. नंतर त्या बाईंच्या वाढदिवसाला मामेबहीण म्हणाली, दादा तू काही वेबसाइट बघू नकोस, फ्युनरल होमला फोन करून विचार ते कुठून फुलं घेतात. केला. त्यांनी दुकानाचा नंबर दिला, फोन थेट मालकिणीनेच उचलला, मी पत्ता सांगायला लागलो तर म्हणाली पत्ता नको, माहितीये, आणि लाल गुलाब नका पाठवू, ते यजमान दर वर्षी माझ्याकडूनच न्यायचे, मी पिवळं काहीतरी करते.